मागितलं एक, हातात आलं दुसरं

२०२१ ची दिवाळी. बँकेतून सुटल्यावर नागपुरात सीताबर्डीवर दिवाळी अंक घ्यायला थांबले होते. तीन अंक निवडले आणि पैसे काढले. दुकानातल्या काकांनी त्यातला एक काढून बाजूला ठेवला. म्हणाले, "हा पुढच्या आठवड्यात न्या, कुठं पळत नाही. आज हे न्या." हातात नंदा खरे यांची 'उद्या' ही कादंबरी होती. नाव माहीत होतं, कारण त्याच वर्षी मार्चमध्ये या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला होता. काका पुरस्काराबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. "तुम्ही बँकेत ना? मग तुम्हाला हे लवकर कळेल," एवढंच म्हणाले.

माणसाची प्रत्येक हालचाल कुठेतरी नोंदली जाते, असा उद्याचा काळ त्या कादंबरीत आहे. मी दिवसभर लोकांचे आधार, पॅन आणि मोबाईल नंबर एकमेकांना जोडत बसते. तिसऱ्या रात्री पुस्तक मिटवून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी केवायसीचा पहिला फॉर्म समोर आला तेव्हा त्या माणसाचा चेहरा आधी पाहिला.

नागपुरात तुमच्या हातात कुणी अशी न मागितलेली कादंबरी ठेवली असेल तर लिहा. मोठ्यांची चालेल, मुलांचीही. कुठे दिली, काय म्हणून दिली आणि पुढे काय झालं, सगळं सांगा. दुकानांची नावं नकोत, पुस्तकांची हवीत. दुकानात बसणाऱ्यांनीही लिहावं, त्यांची बाजू आपल्याला कधी ऐकायला मिळत नाही.

निवृत्त शिक्षिका, महाल

मी शाळेचं ग्रंथालय पाहत असे. एका वर्षी पुस्तकांसाठी पाच हजार रुपये मिळाले. माझ्या यादीत चाळीस वेगवेगळी पुस्तकं होती. दुकानदाराने यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, "बाई, चाळीस पुस्तकं चाळीस पोरं नेतील. कोणाला कोणाशी काही बोलता येणार नाही. सात-आठच कादंबऱ्या घ्या, पण एकेकीच्या पाच-पाच प्रती."

मला ते पटलं नव्हतं. पण त्यांनी आग्रह धरला आणि मुलं कोणत्या इयत्तेतली आहेत तेही नीट विचारून घेतलं. पाचवी-सहावीसाठी संगीता बर्वे यांची 'पियूची वही' दिली. सातवी-आठवीसाठी सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध'. दोन्हींना अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे, पण ते त्यांनी बिल करताना, उठता उठता सांगितलं.

त्या पाच प्रतींनी काय केलं ते सांगते. आपल्याकडची मुलं पेंचला किंवा ताडोबाला जिप्सीत बसून वाघ बघून येतात आणि जंगल बघितलं असं समजतात. आठवीतल्या पाच जणांनी जंगलाची ती कादंबरी एकाच आठवड्यात वाचली आणि मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून भांडायला लागली. कोणता धागा आधी कळायला हवा होता, कोणी मूर्खपणा केला, यावर भांडण. ग्रंथालयाच्या दारात पोरं पुस्तकावरून भांडताना मी तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा पाहिली.

बारा ते पंधरा हे वय मराठीत फार उपाशी राहतं. परीकथा नकोशा झालेल्या असतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून पेलत नाहीत. 'किशोर' मासिकाने १९७१ पासून ही भूक पुष्कळ भागवली. पण मासिक महिन्यात एकदा येतं आणि मुलं दोन दिवसांत संपवतात. मधले अठ्ठावीस दिवस भरून काढणारा माणूस म्हणजे पुस्तकवाला.

पुस्तकविक्रेता, सीताबर्डी

ताईंनी बोलावलं म्हणून लिहितो. सव्वीस वर्षं झाली या धंद्यात.

नवी कादंबरी आमच्याकडे येते कशी ते आधी सांगतो. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडून गठ्ठा येतो. नवीन लेखक असला तर मी दोन प्रती मागवतो, ओळखीचा असला तर पाच. मला पस्तीस टक्के सुटतात. त्यातले दहा-पंधरा गिऱ्हाइकाला द्यावे लागतात आणि ट्रान्सपोर्टचा खर्च माझा. न खपलेलं परत घेणारे प्रकाशक थोडे. म्हणून ज्या पुस्तकाबद्दल मला दोन वाक्यं बोलता येत नाहीत, ते माझ्याकडे धूळ खात राहतं. बोलायचं तर वाचावं लागतं. मे महिन्यात दुपारी बारा ते चार बर्डीवर कुत्रं फिरत नाही. पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो. ते चार तास माझे. प्रत्येक नव्या कादंबरीची पहिली तीस पानं वाचतो. तीसच्या पुढं आपोआप गेलो तर ती काउंटरवर ठेवतो, नाही तर मागच्या फळीवर.

गिऱ्हाईक आलं की "तुम्हाला काय आवडतं" हे मी विचारत नाही. त्यावर लोक मोठमोठी नावं घेतात, शाळेत शिकलेली. मी विचारतो, "शेवटचं कोणतं पुस्तक अर्धवट सोडलं?" मग माणूस खरं बोलतो. "फार वर्णन होतं", "माणसं खूप, लक्षात राहत नव्हती", "रात्री वाचवत नव्हतं". एवढं कळलं की माझं अर्धं काम झालं.

लहान मुलांच्या बाबतीत आई-बाप सांगतात, "संस्कार होतील असं द्या." मी हो म्हणतो आणि तीन पुस्तकं पोराच्या हातात देतो. पोट्टं उभ्या उभ्या वाचते तेव्हा मी त्याच्या पायाकडे पाहतो. एक पाय, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, असं चाललं की ते पुस्तक नाही. पाय स्थिर झाले की तेच बांधून देतो, आई काही म्हणो.

पुरस्कार जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन. तेव्हा नेमक्या प्रती कुठेच नसतात. पुढची आवृत्ती यायला आठवडे लागतात. मी वहीत नावं लिहून ठेवतो. वीस नावं लिहिली तर पुस्तक आल्यावर सहा-सात जण येतात. त्या सहा-सात जणांना मी पुढे वर्षभर फोन करतो.

आता एक चूक सांगतो, मनात राहिली आहे. दहाएक वर्षं झाली असतील. होस्टेलवर राहणारा एक मुलगा यायचा, यवतमाळकडचा. वाचायचा पुष्कळ, बोलायचा कमी. शेतकऱ्याच्या घरावरची एक नवी कादंबरी आली होती, मला फार आवडली होती. "घेऊन जा बाप्पा, पैसे नंतर दे," म्हणून त्याच्या पिशवीत घातली. आत काय आहे ते सांगितलं नाही, मजा जाईल म्हणून. दुसऱ्या दिवशी तो आला, पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि काही न बोलता गेला. त्याच्या मित्राकडून कळलं, त्याच्या वडिलांनी त्याच वर्षी फवारणीचं औषध घेतलं होतं. तो पुन्हा दुकानात आला नाही. तेव्हापासून मी घरचं, गावचं थोडं विचारतो. आणि पुस्तकात मरण असेल तर आधी सांगतो. शेवट कळला म्हणून कोणतीही चांगली कादंबरी बिघडत नाही, हे मला त्या पोरानं शिकवलं.

एक आई, मनीषनगर

मुलगा आठवीत, सीबीएसई. मराठी वाचतो, पण अक्षर अक्षर जोडत. २०२५ च्या मेमध्ये त्याला घेऊन गेले. दुकानातल्या दादांनी माझ्याशी बोलणं टाळलं, थेट त्याच्याशी बोलले. भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' काढली आणि स्वतःच पान-दीड पान वाचून दाखवलं. भर दुकानात, मागे दोन गिऱ्हाइकं थांबलेली. नेमक्या जागी थांबले आणि पुस्तक मिटवलं. मुलगा म्हणाला, "मग?" दादा म्हणाले, "मग घरी."

मला म्हणाले, "पहिली तीन प्रकरणं तुम्ही वाचा. मोठ्यानं. चौथं तो हिसकावून घेईल. आणि बक्षीस मिळालेलं पुस्तक आहे हे त्याला सांगू नका, अभ्यासाचं वाटेल."

आम्ही दुपारी कूलरसमोर बसायचो. कूलरच्या घरघरीत ओरडून वाचावं लागे, घसा बसायचा. दुसऱ्याच प्रकरणात त्याने पुस्तक ओढून घेतलं. अजूनही हळूच वाचतो, ओठ हलवत. पण सुट्टीत तीन कादंबऱ्या झाल्या, आणि तिन्ही त्याच दादांनी निवडलेल्या.

कॉलेजची विद्यार्थिनी, धरमपेठ

मी इंग्रजीच वाचायचे, तेही फोनवर. एका छोट्या दुकानातल्या ताईने प्रणव सखदेव यांची 'काळे करडे स्ट्रोक्स' दिली. म्हणाली, "गाव तुझं नाही, पण वय तुझंच आहे." खरं निघालं. आपल्या वयाचा गोंधळ मराठीत असा लिहितात हे मला माहीतच नव्हतं. मी परत जाऊन विचारलं, आता फुटाळा तलावावर बसणाऱ्या, ट्रॅफिक पार्कपाशी रेंगाळणाऱ्या मुलामुलींची नवी कादंबरी दे. तिने सगळ्या फळ्या पाहिल्या. म्हणाली, शोधते. दर महिन्याला तिचा मेसेज येतो, "अजून नाही ग. पण शोधतेय."

७१ वर्षांची वाचक, रामदासपेठ

वाईट अनुभवही लिहिते. एका मोठ्या चकचकीत दुकानात नवी कादंबरी विचारली. मुलाने कॉम्प्युटर पाहिला आणि ढिगातली वरची उचलून दिली. साडेपाचशे पानं, मुंगीएवढा टाईप. घरी आल्यावर दहा पानांत डोळे पाणावले. परत घेतली नाही त्यांनी. नंतर एका दुकानात मी तोंड उघडायच्या आत तिथल्या माणसाने माझ्या चष्म्याच्या काचा पाहिल्या आणि विचारलं, "आजी, मोतीबिंदू झालाय का?" मग मोठा टाईप, पातळ पुस्तक, आणि मजकूर माझ्या आवडीचा. आता माझी सगळी खरेदी तिथेच असते.

शिंप्याचा मुलगा, पाचपावली

२०२४ चा दसरा. दीक्षाभूमीवर दरवर्षी जातो. बाहेरगावचे लोक शिधा बांधून येतात आणि जाताना त्याच पिशवीत पुस्तकं भरून नेतात, हे लहानपणापासून पाहिलंय. मी दरवर्षी बाबासाहेबांचे ग्रंथ किंवा आत्मचरित्रं घेतो. त्या वर्षी 'फकिरा' घ्यायला थांबलो, जुनी प्रत फाटली होती. स्टॉलवरचे भाऊ माझ्या बोटाकडे पाहत होते. सुई लागून लागून माझ्या बोटाला घट्टा आहे, सुट्टीच्या दिवशी बाबांना मदत करतो ना. म्हणाले, "मशीनवर बसतोस का?" हो म्हटलं. त्यांनी 'फकिरा'वर एक पातळ पुस्तक ठेवलं. देविदास सौदागर यांची 'उसवण'. "याच वर्षी युवा पुरस्कार मिळाला. लिहिणारा स्वतः शिंपी आहे. तुळजापूरचा."

रेडिमेड कपडे आले आणि गावच्या शिंप्याचं काम गेलं, त्याची ती गोष्ट आहे. आमच्या घरात हे रोज चालू आहे, पण कोणी त्याच्यावर पुस्तक लिहील असं वाटलं नव्हतं. बाबा वाचत नाहीत फारसं. त्यांनी ते मशीनच्या खणात ठेवलंय, कात्री आणि खडूबरोबर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोन पानं वाचतात. वर्ष झालं, अजून संपलं नाही. मी विचारत नाही कुठपर्यंत आलं.

कुही तालुक्यातून, आता नागपुरात

विक्रेतेकाकांनी घरचं, गावचं विचारतो असं लिहिलं, म्हणून हे लिहायचं ठरवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६ वं साहित्य संमेलन होतं. मित्रांबरोबर गेलो, भाषणं कमी ऐकली आणि स्टॉलच जास्त फिरलो. नागपूरच्याच एका दुकानाचा स्टॉल होता. तिथल्या माणसाने विचारलं, "गाव कोणतं?" मी म्हटलं, "आताचं सांगू की आधीचं?"

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं. पाणी चढेपर्यंत माझी सगळी शाळा झाली. आमचं जुनं गाव आता पाण्यात आहे. हे मी त्याला एका वाक्यात सांगितलं. तो काही बोलला नाही. मागच्या खोक्यात वाकून कृष्णात खोत यांची 'रिंगाण' काढली. "धरणात उठलेलं गाव आहे. म्हैस मागं राहते. तिला आणायला माणूस परत जातो. जड आहे, सांगून ठेवतो. नाई झेपलं तं वापस आना." तेव्हा तिला अकादमी मिळाली नव्हती, ते डिसेंबरात झालं.

भाषा कोल्हापूरकडची, मला सुरुवातीला अडखळायला झालं. म्हणून मोठ्याने वाचू लागलो. बाबा पलंगावर पडून होते. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठून बसले आणि म्हणाले, "आपल्या बैलानं बी असंच केलं होतं." मला हे माहीत नव्हतं. नव्या गावठाणातून आमचा एक बैल दावं तोडून जुन्या वाटेने गेला होता आणि बाबा त्याला पाण्याच्या कडेवरून परत घेऊन आले होते. पुढे रोज संध्याकाळी थोडं वाचायचो आणि मग बाबा सांगायचे. वेशीपासून मारुतीपर्यंत कोणाचं घर, मग कोणाचं, कोणाच्या अंगणात चिंच, कोणाची विहीर खारी. पंधरा वर्षांत त्यांनी ही नावं घेतली नव्हती. मी ती कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर ओळीने लिहून घेतली. बेचाळीस घरं झाली.

नंतर त्या दुकानात सांगायला गेलो. त्यांनी वही काढली, माझं नाव शोधलं आणि पुस्तकाच्या नावापुढे लिहिलं, "वडिलांना वाचून दाखवलं." मग म्हणाले, "बसा. त्यांना ऐकायला आवडेल असं अजून एक आलंय."