इंजिनच्या हवेचा पाईप घरी बदलायचा की गॅरेजलाच न्यायचं?

कृष्णाकाठ_सांगली:
मंडळी, स्पष्ट बोलतो. ग्रिलमागून एअर फिल्टरच्या डब्यात येणारा आणि डब्यातनं पुढं इंजिनकडं जाणारा, हे दोन पाईप बदलायला गाडी दिवसभर गॅरेजला टाकायची काही गरज नाही. दहाची गोटी (नट खोलायचं सॉकेट), स्क्रू ड्रायव्हर आणि गार झालेलं इंजिन, बास. रबराचा तो घड्याघड्यांचा भाग उष्णतेनं कडक होतो आणि घडीच्या आत चिरतो, वरून बघून काय कळत नाही, हातानं ताणलं की चीर उघडते. परवा कुपवाडच्या मित्राची गाडी बघितली, गॅरेजात चिरेवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून दिलेली, ती उष्णतेनं चिकट होऊन निम्मी सुटलेली आणि पाईपच्या आत बोट फिरवलं तर बारीक मातीचा थर. म्हणजे फिल्टर नवा, आणि धूळ त्याला वळसा घालून थेट इंजिनात. पैसे कशाचे घेतले मग?

मिरजेचा_मिस्त्री:
दादा, टेप लावणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही, पण म्हणून सगळ्यांनी बोनेट उघडून बसायचं का? फिल्टरच्या पुढच्या पाईपला ब्रीदरची नळी (इंजिनातली वाफ परत हवेच्या पाईपात आणणारी) असते, जुनी झाली की नुसती हिसकली तरी तोंडापाशी तुटते. बऱ्याच गाड्यांत तिथंच हवा मोजणारा सेन्सर असतो, आत केसासारखी तार, तिला फडक्यानं पुसणारे लोक मी रोज बघतो. पाईप नीट बसला नाही की न मोजलेली हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, गाडी आयडलला (उभ्या जागी इंजिन चालू असताना) थरथरते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१७१ हा पातळ मिश्रणाचा कोड येतो. मग माझ्याकडंच येता की.

पोवई_नाका:
मिस्त्री, तुमचं बरोबर आहे पण अर्धंच. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो सेन्सर नसतोच, थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या) पुढं मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला दाब मोजून पेट्रोल सोडतात. तसल्या गाडीत पाईप चिरला तरी दिवा लागत नाही, आयडल पण नीट, आणि गाडी गुपचूप धूळ खात राहते, पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासून ऑइल खायला लागली की मग मालकाला जाग येते. साताऱ्यात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागनं चालवून बघा किती फुफाटा उडतो. म्हणून म्हणतो, दिव्याच्या भरवशावर राहू नका, दरवेळी फिल्टर झटकताना पाईप स्वतः हातानं ताणून बघा. जो बघू शकतो तो बदलू पण शकतो.

यवतेश्वर_घाट:
ओरिजिनल पाईप कशाला घालताय, डब्याशिवायचा उघडा कोन फिल्टर आणि बाहेरची गार हवा ओढणारं कोल्ड एअर किट घाला की. गार हवा घट्ट असते, ऑक्सिजन जास्त, घाटात ओढ लगेच कळते.

कृष्णाकाठ_सांगली:
भावा, गार हवा घट्ट असते हे खरंय, पण हिशोब करून बघ, ३० अंशाच्या आसपास ३ अंश कमी झाले तर घनता साधारण १ टक्का वाढते. आणि कंपनीचा पाईप आधीच ग्रिलमागची बाहेरचीच हवा घेतो की. उलट उघडा कोन बोनेटखाली ठेवलास तर ट्रॅफिकमध्ये तो इंजिनचीच गरम हवा ओढणार. आणि ज्या किटचा पाईप खाली बंपरात सोडलेला असतो, ते तर आमच्याकडं चालायचंच नाही. २०१९ ला आणि परत २०२१ ला कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर शिरलं ते आम्ही बघितलंय. पाईपचं तोंड वर ठेवलेलं असतं त्याला कारण आहे, पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. तेवढ्या ओढीसाठी हा धोका कोण घेणार?

यवतेश्वर_घाट:
पूर रोज येतो का राव? साताऱ्यात आम्हाला चढ आहे, पाणी नाही. आवाज आणि थ्रॉटलचा प्रतिसाद यात फरक पडतोच.

मिरजेचा_मिस्त्री:
आवाज बदलतो, मान्य. ओढीचं माझ्या तरी अनुभवात काय नाही. आणि तेल लावलेला कोन असला आणि तेल जास्त झालं तर ते सेन्सरच्या तारेवर बसतं.

पोवई_नाका:
डिझेलवाल्यांचं पण सांगा कोणीतरी. टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याच्या) आधी चिरलेल्या पाईपातनं शिरलेली धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर आदळते, तो पाईप लगेच बदलावा. पण टर्बोच्या पुढं इंटरकूलरकडं (दाबलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीकडं) जाणारा होज दाबाखाली असतो, साधी क्लिप लावली की चढावर फटकन निसटतो, काळा धूर आणि ओढ गायब.

कृष्णाकाठ_सांगली:
इंटरकूलरचा होज गॅरेजलाच, त्यात वादच नाही. बाकीचे दोन मी घरीच करणार. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, डब्याच्या तोंडाला स्वच्छ फडकं कोंबायचं म्हणजे स्क्रू आत पडत नाही, आणि चालू करायच्या आधी ते आठवणीनं काढायचं. सेन्सरला हात नाही.

मिरजेचा_मिस्त्री:
ब्रीदरची नळी आधी हातानं दाबून बघा, कडक लागली तर पाईपबरोबर तीही नवी आणून ठेवा. ती नसेल हाताशी तर काम सुरू करू नका, रविवारी सांगली-मिरजेत स्पेअरची बरीच दुकानं बंद असतात. माझं मत अजून तेच आहे, पुढचा पाईप मिस्त्रीकडंच द्यावा, पण समोर उभं राहून करून घ्या.