बर्फाळ हिवाळ्यात शिंगरांना मोकळे सोडण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. कॅनडात पूर्व ओंटारिओमध्ये, ओटावा नदीच्या खोऱ्यात, स्टँडर्डब्रेड घोड्यांची पैदास करणाऱ्या एका फार्मवर मी काम करतो. माझे पशुवैद्यकाचे शिक्षण शिरवळला झाले असल्यामुळे खुराक, जंत, लसीकरण या गोष्टी परिचयाच्या आहेत. मात्र जमीनच काचेसारखी गुळगुळीत झाल्यावर जनावर बाहेर काढावे की नाही, हा प्रश्न नीरा नदीच्या काठी कधी पडला नव्हता. येथे गेल्या वसंतात जन्मलेली आणि आता दूध तोडलेली काही शिंगरे आहेत, तसेच पावणेदोन वर्षांची चार आहेत. त्यांच्याविषयीच विचारायचे आहे.

थंडीची मला फारशी चिंता वाटत नाही. हिवाळी केस दाट आलेला, अंग कोरडे असलेला आणि वाऱ्यापासून आडोसा मिळालेला प्रौढ घोडा साधारण उणे १५ अंशांपर्यंत जादा ऊर्जा न खर्चता तग धरतो. शिंगरांची ही मर्यादा काही अंश अलीकडेच येते, कारण त्यांचे शरीर लहान असते आणि खाल्लेल्यातला मोठा वाटा वाढीवर खर्च होतो. म्हणून पारा उतरला की आम्ही धान्यापेक्षा वाळलेले गवत वाढवतो; ते मोठ्या आतड्यात आंबताना निघणारी उष्णता अंगाला मिळते. तीन बाजूंनी बंद असलेली शेडही कुरणात आहे.

खरी अडचण जानेवारीतल्या पावसाची आहे. वरून उबदार हवा सरकते, खोऱ्यात जड थंड हवा तशीच बसून राहते आणि पावसाचे थेंब जमिनीला टेकताक्षणी गोठतात. (१९९८ च्या जानेवारीत अशा पावसाने या भागातले विजेचे मनोरे आडवे केले होते; ती आठवण येथे अजून निघते.) त्यातच आमचे कुरण उतरते आहे, फाटक उताराच्या तळाशी आहे आणि तबेल्याच्या छपरावरचे पाणी नेमके तेथेच येऊन गोठते.

बर्फ जाईपर्यंत सर्वांना ठाणबंद ठेवावे, असे आमच्या व्यवस्थापकांचे मत आहे. घसरून मागचे पाय फाकले, मांडीच्या आतले स्नायू फाटले किंवा कंबरेचे हाड मोडले तर त्या जनावराचे पुढे काय होते, हे त्यांनी पाहिलेले आहे, त्यामुळे त्यांची भीती मी हलकी मानत नाही. परंतु वाढत्या वयात हाडाला घनता येते ती छोट्या छोट्या दौडींमुळे, आणि कोंडून ठेवलेल्या शिंगरांच्या हाडांतील खनिजे घटतात. शिवाय कित्येक दिवसांनी सुटलेले शिंगरू चौखूर उधळते आणि तेव्हाच पडते. म्हणून मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: जमिनीवर काय पसरावे, खुरांना काही करावे का, आणि आज सोडायचे की नाही हे सकाळी कोणत्या कसोटीवर ठरवावे?

प्रतिसाद:

मी व्हरमाँटमध्ये बरीच वर्षे घोड्यांसोबत काढली आहेत. आपल्या प्रश्नांपैकी शेवटच्याचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यावरच अवलंबून आहे. हवेचे तापमान पाहू नका, पृष्ठभाग पाहा. ऊन पडल्यावर सोडू असे सगळेच म्हणतात, पण शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तोच सर्वांत निसरडा असतो. उणे १५ च्या कोरड्या पहाटे त्याच बर्फावर पकड बरी मिळते. साधे बूट घालून फाटकापासून शेडपर्यंत आणि तेथून पाण्याच्या टाकीपर्यंत स्वतः चालत जा. आधार न घेता आपल्याला वळता येत नसेल, तर शिंगरांना त्या दिवशी तेथे सोडू नये. ताज्या हिमाच्या पातळ थरावर मुळीच विसंबू नका, कारण खालचा बर्फ दिसत नाही.

पसरण्यासाठी जाड वाळू किंवा बारीक खडी उत्तम. कोरडी वाळू वाऱ्याने उडते आणि पुढच्या हिमाखाली गाडली जाते. तीच गरम पाण्यात ओली करून टाकली तर बर्फात रुतून गोठते. ठाणातील लीद मिसळलेला भुसाही बर्फाला धरून बसतो आणि खरखरीत वाट तयार होते. नुसता पेंढा मात्र टाकू नये, तो बर्फाला चिकटत नाही आणि पायाखालून सरकतो. मिठाचा उपयोग उणे दहाच्या खाली फारसा होत नाही, वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते आणि शिंगरे ते चाटत बसतात. एक सावधगिरी: वाळू टाकलेल्या जागी गवत घालू नका, कारण पोटात गेलेली वाळू पोटशूळ घडवते.

पूर्ण कुरण सुरक्षित करण्याच्या भरीस पडू नये. शेडजवळचा सपाट तुकडा कुंपणाने वेगळा करून तेवढाच सांभाळावा. त्यात भरधाव पळता येत नाही, पण चालणे आणि हुंदडणे होते. फाटक वरच्या अंगाला हलवता येत असेल तर पावसाळी पन्हळीच्या दुरुस्तीआधी ते करा. गवताचे ढीग जनावरांच्या संख्येपेक्षा जास्त आणि दूर दूर ठेवा, म्हणजे कोणी कोणाला हुसकावणार नाही. गवत आधी घालून मग सर्वांना आत न्यावे, तोंडे फाटकाकडे वळवावी आणि मोरख्या एकाच वेळी काढाव्या.

प्रतिसाद:

वरील बहुतेक मुद्दे पटले. खुरांबाबत थोडे सांगते. शिंगरांना नाल नसेल तर तसेच राहू द्या. नालेच्या आत हिमाचे गोळे जमतात आणि घोडा उंच टाचेच्या चपलेवर चालल्यासारखा डगमगतो. नालबंदाला हिवाळ्यात सुट्टी देऊ नका, सहा ते आठ आठवड्यांनी खूर साळून घ्यावेत. चिखल खुरांच्या ठशांसकट गोठला असेल तर तळव्याला मार बसतो, तेव्हा बर्फ नसूनही तो दिवस वाईटच समजावा. ठाणात ठेवावे लागले तर पाण्याकडे लक्ष द्या: अगदी गार पाणी घोडे कमी पितात आणि कोरड्या गवताने पोट गच्च होते. पाणी ७ ते १८ अंशांच्या दरम्यान असले की पिणे वाढते. झूल सरसकट घालण्याविरुद्ध मी आहे. पावसात भिजलेल्या किंवा अंगाने उतरलेल्या शिंगराला ती जरूर घालावी, इतरांचे केस ती दाबून टाकते.

मूळ प्रश्नकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. शेडजवळचा तुकडा वेगळा करण्यास व्यवस्थापक तयार झाले आहेत आणि गरम पाण्याची वाळू फाटकापाशी टाकून पाहणार आहोत. एक शंका उरते. पावणेदोन वर्षांच्या चौघांपैकी दोन नर फार दांडगाई करतात आणि लहान जागेत इतरांना कोपऱ्यात कोंडतात. त्यांना वेगळे सोडावे, की एखादी शांत, वयस्क घोडी सोबत द्यावी?

प्रतिसाद:

दोन्ही करावे. त्या दोघांना वेगळ्या वेळी एकत्र सोडा, कारण एकटे शिंगरू कुंपणालगत पळत राहते. वयस्क घोडी लहानग्यांसोबत द्या. मात्र तिला नाल असेल तर आधी काढून घ्या, लाथ बसली तर लोखंडाची बसू नये.