मदत हवी आहे: एअर फ्रायरमध्ये फ्लॅटब्रेड वरून करपतो, खालून कच्चा (तातडीचं!)

वैतागलेली (संध्या. 6:05)
मंडळी, लवकर सांगा. दोनदा केला, दोन्ही वेळा तेच. वरचं चीझ तपकिरी, कांद्याची टोकं काळी आणि उलटून बघावं तर खाली पांढराफटक, गिच्च. रेसिपीवर "झटपट शाकाहारी जेवण, 10 मिनिटांत तयार" असं लिहिलं होतं. माझी 40 मिनिटं गेली. साडेसातला चौघं जेवायला बसणार आहेत आणि पीठ तीन फ्लॅटब्रेडचंच उरलंय. काय चुकतंय? आणि कृपा करून "ओव्हन घ्या" म्हणू नका.

निवांत_वाचक (6:09)
तापमान किती? वेळ किती? पीठ घरी मळलंय की तयार बेस? लाटल्यावर जाडी किती? फ्रायर बास्केटचा की दाराचा? एवढं तरी लिहा, नाहीतर आम्ही अंधारात दगड मारत बसणार.

वैतागलेली (6:12)
200 वर 12 मिनिटं. पीठ घरचं, मैदा आणि दही, नेहमीसारखं. जाडी नॉर्मल. फ्रायर साधाच हो, बास्केटचा.

निवांत_वाचक (6:13)
"नॉर्मल" म्हणजे किती मिलिमीटर? आणि बास्केटच्या तळाशी काही घातलंय का, फॉइल, बटर पेपर वगैरे?

तवा_झिंदाबाद (6:14)
कशाला एवढा उपद्व्याप? बिडाचा तवा चांगला तापवा, दोन्ही बाजू भाजून घ्या, वरून चीझ घालून झाकण ठेवा. सहा मिनिटांत काम तमाम. माझ्याकडे पण एअर फ्रायर आहे. त्यात कांदे-बटाटे ठेवतो.

वैतागलेली (6:16)
दोन्ही बर्नर अडकलेत. म्हणूनच एअर फ्रायर!! तळाशी फॉइल-बिइल काही नाही. जाडी साधारण करंगळीएवढी असेल.

यीस्टप्रेमी (6:18)
करंगळीएवढी? मग कच्चा राहणारच. पण मूळ चूक वेगळीच आहे. दही-मैदा म्हणजे शॉर्टकट. यीस्ट घालून पीठ रात्रभर फ्रिजमध्ये मुरवा, मग बघा कसा हलका होतो आणि चव कशी येते. बेकिंग पावडरच्या फ्लॅटब्रेडला मी फ्लॅटब्रेड म्हणतच नाही.

तिखटजाळ (6:19)
त्यांना आज साडेसातला जेवायचंय, उद्या नव्हे. :)

यीस्टप्रेमी (6:21)
म्हणून कायम असंच खायचं का? आदल्या रात्री पाच मिनिटं काढली की झालं. असो. मी फक्त चांगलं काय ते सांगितलं.

गरम_हवा (6:22)
जरा मुद्द्यावर येऊ. नावात फ्रायर असलं तरी ही वस्तू म्हणजे छोटा कन्व्हेक्शन ओव्हन. कॉइल वर, पंखा वर. गरम हवा वरून खाली येते, बाजूंनी आणि जाळीतून फिरून परत वर जाते. खाली स्वतंत्र कॉइल बहुतेक मॉडेलांत नसतेच. म्हणजे खालची बाजू भाजायची सगळी जबाबदारी जाळीतून फिरणाऱ्या हवेवर. ती हवा अडली की झालं तुमच्यासारखं. शिवाय मोठ्या ओव्हनची रेसिपी असेल तर तापमान 20 अंशांनी कमी घ्यायचं, हा साधा हिशोब. 200 जास्तच आहे. फिलिप्सने 2010 मध्ये बर्लिनच्या आयएफए प्रदर्शनात हा प्रकार आणला, तेव्हापासून लोक त्याला कढई समजून वापरताहेत.

भांडीघाशी (6:24)
एक सांगून ठेवते. जाळीवर चीझ सांडून जळलं तर तारेची घासणी अजिबात लावू नका, नॉनस्टिकचा थर निघतो. बास्केट कोमट झाली की गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून 20 मिनिटं भिजत ठेवा, मग जुना मऊ टूथब्रश. तरी चिकटलेलं राहिलं तर सोड्याची पातळ पेस्ट लावून पाच मिनिटं ठेवा.

वैतागलेली (6:25)
हे मी विचारलं का? अजून भाजूनच झालेलं नाही!

लेबल_वाचा (6:26)
शाकाहारी म्हणताय म्हणून विचारतो, चीझ कुठलं आहे? रेनेट, म्हणजे चीझसाठी दूध गोठवणारं एन्झाइम, कुठलं आहे ते बघितलंत का? अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या रेनेटनेच करायचं असा त्याचा नियम आहे, त्यामुळे ते शाकाहारी असूच शकत नाही. पाकिटावर "मायक्रोबियल रेनेट" (म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं) लिहिलेलं बघून घ्या.

तिखटजाळ (6:27)
साहेब, ब्रेड कच्चा आहे. वासरू नंतर बघू.

लेबल_वाचा (6:29)
तुम्हाला चेष्टा वाटते. जेवायला येणाऱ्यांपैकी कुणी पाळणारं असेल तर? आता बहुतेक चीझ मायक्रोबियल किंवा फर्मेंटेशनने केलेल्या एन्झाइमवरच बनतं हे मान्य, पण बघायला काय जातं?

वैतागलेली (6:30)
साधं मोझरेला आहे आणि त्यावर मायक्रोबियल लिहिलंय. झालं समाधान? आता खालच्या कच्च्या भागाचं सांगा. आणि हो, बेकिंग पावडर संपली होती म्हणून तेवढाच खायचा सोडा घातला. त्याने काही फरक पडत नाही ना?

गरम_हवा (6:31)
अहो, हे आधी सांगायचं ना! सोडा पावडरच्या तिप्पट-चौपट जोरदार असतो. दह्याच्या आंबटपणाने काही सोडा मरतो, उरलेला पिठात तसाच राहतो. पीठ अल्कधर्मी झालं की पृष्ठभाग फार लवकर लाल होतो, आतलं शिजायच्या आत. चवही साबणासारखी लागते. कप पिठाला पाव चमचा सोडा पुरे होता, दही आंबट असेल तर. किती घातलात?

वैतागलेली (6:33)
दीड चमचा. दोन कप पिठाला. चव... हं. मला वाटलं चीझच तसं आहे.

यीस्टप्रेमी (6:34)
मी काय म्हणत होतो?

तिखटजाळ (6:34)
तुम्ही सोड्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हतात.

निवांत_वाचक (6:35)
सोड्याने वरून करपेल, कबूल. पण खालून *पांढरा* कसा राहील? पुन्हा विचारतो. बास्केटच्या जाळीवर पिठाशिवाय दुसरं काही आहे का? काहीही?

वैतागलेली (6:36)
नाही म्हटलं ना. फॉइल नाही, बटर पेपर नाही. फक्त ते लाल सिलिकॉनचं भांडं आहे, पण ते कायमच असतं आत, बास्केट धुवायचा कंटाळा म्हणून.

निवांत_वाचक (6:37)
सापडलं.

गरम_हवा (6:37)
देवा!

निवांत_वाचक (6:40)
ते भांडं काढा. सिलिकॉनमधून उष्णता जाता जात नाही आणि तळ बंद असल्याने जाळीची भोकंही बुजली. तुमचा ब्रेड खालून भाजलाच जात नव्हता, वाफेत बसला होता. आता असं करा:

वाटीत थोडा मैदा आणि दही मळून ते उरलेल्या पिठात मिसळा, सोड्याचा जोर कमी होईल आणि चौथा ब्रेडही निघेल. 5 मिनिटं झाकून ठेवा. 4 ते 5 मिमी जाड लाटा, बास्केटपेक्षा दोन बोटं लहान, म्हणजे कडेने हवा फिरेल. काट्याने टोचा, नाहीतर फुगून कॉइलला लागेल. फ्रायर 180 वर 3 मिनिटं रिकामा तापवा. ब्रेडच्या दोन्ही बाजूंना तेलाचं बोट फिरवून उघड्या जाळीवर ठेवा, 4 मिनिटं. उलटा, आणखी 2 मिनिटं. अजून काहीही वर घालायचं नाही.

चारही असे काढून घ्या. मग सॉस, भाज्या, चीझ आणि परत 3 मिनिटं. सॉस चमचाभरच, कडेपर्यंत नेऊ नका. ब्रेडचे 24, मग 12, साडेसातला ताट वाढाल, फार तर पाच मिनिटं पुढे.

तिखटजाळ (6:42)
भाज्यांचं राहिलं. कांदा आणि सिमला मिरची कच्ची घालू नका, 3 मिनिटांत नुसती गरम होईल. बर्नर मोकळा होईल तेव्हा परतून घ्या. मशरूम आणि टोमॅटो पाणी सोडतात, तेही आधी परतून किंवा टिपून. पालक, बेसिल असली हलकी पानं चीझच्या खाली दडवा, नाहीतर पंखा उडवून कॉइलवर नेतो आणि घरभर जळका वास. उकडलेले काबुली चणे असतील तर पसरा, नुसत्या चीझने पोट भरत नाही.

तवा_झिंदाबाद (6:44)
एवढ्या वेळात माझ्या तव्यावर आठ झाले असते.

काटकसरी (6:47)
विजेचं काय? 1500 वॅटचा फ्रायर एवढा वेळ चालवणार.

गरम_हवा (6:50)
40 मिनिटं सलग तापला तरी एक युनिट. थर्मोस्टॅट मधूनमधून बंद करतो, म्हणजे त्याहून कमीच.

यीस्टप्रेमी (7:02)
माझी रात्रभर मुरवायची कृती वेगळा धागा काढून टाकतो आहे, इच्छुकांनी बघावी.

वैतागलेली (7:46)
झालं!! खालून मस्त खरपूस, जाळीचे चट्टे पण उमटले. पहिला किंचित करपला, तो मी खाल्ला. साबणाची चव जवळजवळ गेलीय, निदान कुणी काही बोललं नाही. ते लाल भांडं आता कपाटात. निवांत_वाचक, खूप आभार, सुरुवातीला तुसडेपणाने बोलले त्याबद्दल सॉरी.

फक्त एक. चीझ कडेने ओघळून जाळीत पडलं आणि तिथेच काळं झालंय. घासणीने निघत नाहीये. काय करू?

भांडीघाशी (7:48)
6:24 चा प्रतिसाद वाचा. घासणी कसली होती?

वैतागलेली (7:49)
तारेची.