तीन गावांचं मिळून एक फायर डिस्ट्रिक्ट: पैसे कोणी किती द्यायचे?

रेवती_मिनेसोटा
मंडळी, प्रश्न स्थानिक आहे, पण इथे अमेरिकेतल्या छोट्या गावांत राहणारे बरेच जण दिसतात म्हणून विचारते. आमचं गाव तळ्याकाठचं, वस्ती दोन हजारांच्या आत. शेजारची दोन गावं आणि आम्ही मिळून फायर डिस्ट्रिक्ट, म्हणजे सामाईक अग्निशमन दल, काढायचं घाटतंय. मी बजेट कमिटीवर आहे आणि घोडं वाटणीपाशी अडलंय. आमच्याकडे घरं महाग, कॉल, म्हणजे दलाला येणारी बोलावणी, कमी. दुसऱ्या गावात मोठा वृद्धाश्रम, कॉलचा भरणा तिथला. तिसरं गाव लोकसंख्येने मोठं. करपात्र किमतीवर वाटलं की आम्ही ओरडतो, कॉलवर वाटलं की वृद्धाश्रमवालं गाव, माणशी वाटलं की तिसरं. ज्याला जे स्वस्त पडतं तेच त्याला न्याय्य वाटतं! कोणाकडे असं काही चालू आहे का?

केदार_विस्कॉन्सिन
रेवतीताई, नोकरी सांभाळून मी बरीच वर्षं पेड-ऑन-कॉल फायरमन होतो. पैसे कॉलला लागत नाहीत, तयार राहायला लागतात. पेजर आठवडाभर गप्प असला तरी गाडीचा हप्ता, पंपाची तपासणी, हवेचे सिलिंडर, ट्रेनिंग, विमा, काही थांबत नाही. जळत्या घरात दोघांनी शिरायचं तर बाहेर दोघं सज्ज हवेत, हा ओशाचा, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याचा नियम. एनएफपीए १७२० हे स्वयंसेवी दलांसाठीचं मानक विरळ वस्तीसाठीसुद्धा १४ मिनिटांत ६ माणसं मागतं. तुमच्या गावात वर्षात एकच घर पेटलं म्हणून यातलं एकही माणूस कमी होत नाही.

त्यामुळे नुसत्या कॉलवर वाटणी नको. रात्री दोनला वृद्धाश्रमात धावत जावं, तर मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जळलेलं, कॉरिडॉरभर वास, आणि एक आजी गाउनवर उभ्या राहून आम्हालाच विचारतायत, "कॉफी टाकू का?" हा कॉल आणि पेटलेलं घर एकाच भावाने कसं मोजणार? वर हायवेवरचा अपघात कोणाच्या खात्यात, यावर भांडण वेगळं. कॉल धरायचेच असतील तर तीन ते पाच वर्षांची सरासरी धरा आणि सूत्रात त्यांना छोटा वाटा द्या. मोठा वाटा किमतीचा. आग लागली तर बुडणार काय, ते किमतीतच दिसतं. तुमच्या गावाला हे रुचणार नाही, माहीत आहे.

तळ्याकाठचा
अहो, उदाहरण तुमच्याच राज्यात आहे. लेक मिनेटोंकाजवळ एक्सेलसियर, शोरवुड, डीपहेवन, टोंका बे आणि ग्रीनवुड या पाच गावांचं एक्सेलसियर फायर डिस्ट्रिक्ट २००० साली झालं. वाटणी 'टॅक्स कपॅसिटी'वर, म्हणजे करपात्र किमतीवर. ग्रीनवुडची वस्ती जेमतेम सातशे, पण तळ्याकाठची घरं महागडी. तुमचीच कुंडली!
कायद्याचं म्हणाल तर मिनेसोटाच्या कलम ४७१.५९ खालचा करार हा गावांमधला करार, पैसे प्रत्येक कौन्सिलच्या बजेटमधूनच येतात. २०२१ पासून मिनेसोटात आगीसाठी स्वतंत्र कर बसवणारा डिस्ट्रिक्टही काढता येतो. मग दर वर्षी तीन कौन्सिलांच्या दारात जायला नको. पण करावरचा ताबा सुटतो, हेही लोकांना आधीच सांगा.

नगरपरिषद_निवृत्त
७४व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन आहे, पण आमच्या छोट्या गावाकडे बंब कुठला? शेजारच्यांचा यायचा. आग विझायची एका रात्रीत, डिझेलच्या बिलाची फाइल दोन वर्षं फिरायची. ताई, गाडी कोणाच्या नावावर, ते पहिल्या पानावर लिहून घ्या.

रेवती_मिनेसोटा
काका, अगदी! किमतीचा मोठा वाटा आमच्याकडे मांडायचा म्हणजे दगड झेलायची तयारी हवी, पण मांडते. आमच्यातले दोघं तर आत्ताच म्हणतायत, नाही पटलं तर बाहेर पडू.

केदार_विस्कॉन्सिन
त्या दोघांना आधी घराच्या विम्याच्या एजंटला फोन करायला सांगा. स्टेशनपासून रस्त्याने पाच मैलांपलीकडचं घर आयएसओच्या, म्हणजे विमा कंपन्या पाहतात त्या अग्निसुरक्षेच्या प्रतवारीत सहसा दहाव्या, म्हणजे शेवटच्या वर्गात जातं. आणि बाहेर पडायचं कलम लिहाच: नोटीस निदान पूर्ण एका बजेट वर्षाची, स्टेशनच्या कर्जातला वाटा फिटेपर्यंत चालू, गाड्या डिस्ट्रिक्टकडेच. नवा पंपर, म्हणजे पंपाचा बंब, आज मागवला तर दोन-तीन वर्षं हातात पडत नाही, त्यामुळे जाणाऱ्याने गाडी नेली तर उरलेल्या दोन गावांनी काय बादल्या घेऊन पळायचं?