मदत हवी आहे: 'बऱ्यापैकी' म्हटलं की पेशंटला 'बरं' ऐकू येतं

नमस्कार. नागपुरात एमएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय आहे तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटचं ऑपरेशन-रेडिएशननंतरचं जीवनमान. ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर-संशोधन संस्थेची ३० प्रश्नांची क्यूएलक्यू-सी३० ही प्रश्नावली आणि तिची डोकं-मानेच्या कॅन्सरची पुरवणी वापरतेय, त्यांच्या शब्दांना हात लावायचा नाही हे ठाऊक आहे. घोडं अडलंय ते मी वेगळ्या कागदावर जोडलेल्या १२ प्रश्नांपाशी.

आपल्याकडचे निम्मे पेशंट खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारे. म्हणून तिखट, पंगत, पानठेल्यावरची बैठक असले प्रश्न घातले. उत्तरं चार: अजिबात नाही, थोडं, बऱ्यापैकी, खूप. मुदत मूळ प्रश्नावलीसारखीच, मागचा आठवडा.

परवा भंडाऱ्याकडचे एक काका होते. "तिखट खाताना तोंडाची आग होते का?" काकांनी 'बऱ्यापैकी'वर बोट ठेवलं आणि खुशीत म्हणाले, "हो, आता बऱ्यापैकी आहे." शेजारून काकू कडाडल्या, "काहून जी, खोटं सांगून राह्यले? सादं वरण बी झोंबते न तुमाले!"

पुढचा प्रश्न, पंगतीत बसणं टाळलंत का? काका म्हणाले, "मागच्या हप्त्यात लग्नच नव्हतं, तर टाळू काय?"

आता 'बऱ्यापैकी'च्या जागी काय घालू? 'बरंच'मध्येही 'बरं' आहेच. गाईड सर 'पुष्कळ' म्हणतात. 'पुष्कळ' मोठं की 'खूप', यावर होस्टेलमध्ये अर्धी रात्र भांडण झालं. आणि काकूंचं उत्तर धरायचं का?

प्रतिसाद १
ताई, नोंद काकांचीच. काकूंचं म्हणणं समासात लिहा, प्रश्न कुठे फसला ते त्यातूनच कळतं.

पंगत काढून टाका. लोकांसमोर खाण्याचा त्रास मूळ पुरवणीत आधीच विचारलाय, दोनदा कशाला?

शब्दांचं भांडण होस्टेलमध्ये मिटायचं नाही. चार शब्दांच्या चिठ्ठ्या करा, पेशंटला कमीपासून जास्तीपर्यंत लावायला सांगा. मग प्रत्येक प्रश्न "तुम्हाला काय समजलं?" असं विचारून त्यांच्याच तोंडून ऐका. पूर्वचाचणीला १०-१५ पेशंट पुरतात. ज्यांना बोलता येत नाही त्यांना पाटी द्या. क्रॉनबॅक अल्फाची (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) घाई नको. तो ०.७च्या वर आला तरी सगळ्यांनी सारखाच चुकीचा समजलेला प्रश्न त्यात लपून बसतो.

धागाकर्ती
आभार दादा! पंगत उडवली. आज पाच जणांना चिठ्ठ्या दिल्या. तिघांनी 'पुष्कळ' हा 'खूप'च्या वर ठेवला. एका आजींनी दोन्ही एकावर एक ठेवून विचारलं, "हे दोन येकच नाही का वं बाई?"

'जास्त' चालेल का?