रुमालाखालचा हात आणि ॲडम स्मिथचा हात

कडोलीची_लेक (प्रश्न)

एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे, प्रकल्पाला अठराव्या शतकातला अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथ घेतलाय. वर्गात सांगितलं ते एवढंच, की ज्यानं त्यानं आपला फायदा बघावा, सरकारनं मध्ये पडू नये, बाकीचं अदृश्य हात बघून घेतो.

गेल्या शनिवारी बाबांनी रताळ्याची बावीस पोती बेळगावच्या मार्केट यार्डात नेली. आदल्या बाजारापेक्षा क्विंटलमागं चारशे रुपये कमी लागले. वर पट्टीत, म्हणजे दुकानदार देतो त्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदात, हमाली, तोलाई आणि कमिशनही कापलेलं. बाबा म्हणाले, "आवक वाढली, कुणाला दोष द्यायचा?" आई म्हणाली, "आवक वाढली ते कबूल. पण पाच दुकानं फिरलात, पाचही ठिकाणी एकच आकडा कसा?"

मला दोघांचंही पटतं. स्मिथ यातल्या कुणाच्या बाजूनं बोलला असता? आपल्या भागातलं उदाहरण देऊन कुणी सांगेल का?

जुना_पट्टीलेखक

बाळ, तीस वर्षं अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानात, पट्ट्या लिहिल्यात, म्हणून जरा लांबण लावतो.

तुझे आई-बाबा दोघंही स्मिथचंच बोलतायत. त्याचं 'वेल्थ ऑफ नेशन्स' हे पुस्तक 1776 सालचं. एवढ्या जाडजूड ग्रंथात 'अदृश्य हात' हे शब्द एकदाच येतात, तेही चौथ्या भागात, आपलं भांडवल देशातच गुंतवणाऱ्या माणसाबद्दल. दर कसा ठरतो ते पहिल्या भागात आहे. बाजारात माल किती आला आणि पुरता दर मोजायला गिऱ्हाईक किती तयार आहे, यावर दर वर-खाली होतो. हे तुझ्या बाबांचं म्हणणं.

त्याचं मोल मला मार्च 2020 मध्ये कळलं. एरवी आपली भाजी रातोरात चोर्ला घाट उतरून गोव्यात जाते. पणजीला किती कोबी लागेल हे कुणी साहेब ठरवत नाही, तरी सकाळी तिथं कोबी असतो. लॉकडाऊनमध्ये हद्द बंद झाली. इकडं कोबी शेतात फुटला, तिकडं लोकांना भाजी मिळेना. रोज आपोआप चालणारं काम किती मोठं होतं, ते थांबल्यावर दिसलं. स्मिथला याचंच अप्रूप होतं.

आता आईचं. त्याच पहिल्या भागाच्या दहाव्या प्रकरणात तो लिहितो की एका धंद्यातली माणसं मौजेसाठी जरी जमली, तरी बोलणं शेवटी गिऱ्हाइकाविरुद्धच्या कटावर किंवा दर वाढवण्याच्या युक्तीवर येतं. अशा बैठका कायद्यानं थांबवता येणार नाहीत, पण निदान कायद्यानं त्यांना हातभार लावू नये, असंही तो म्हणतो. वर्गात हे सांगत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

लहानपणी आजोबांबरोबर जनावरांच्या बाजाराला जायचो. बैलाचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दोन माणसं हात रुमालात घालणार, एक दुसऱ्याची बोटं दाबणार, तोंडानं एक अक्षर नाही. याला हत्ता म्हणतात. हातभर अंतरावर तसाच बैल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पहिला कितीला गेला ते कळत नसे. शेतमालाच्या बाजारात हे बंद करून उघड लिलाव आणले ते यासाठीच. स्मिथचा हात चालायचा तर दर दहा जणांच्या कानावर पडला पाहिजे.

आणि एक सांगतो, मनावरचं ओझं आहे. पोत्यामागं दोन किलो घट, म्हणजे वजनातली कपात, मी माझ्या हातानं लिहिलीय. माल ओला, माती लागलेली, असं कारण देऊन. समोरचा शेतकरी वाचत असायचा, पण बोलायचा नाही, कारण लावणीला उचल त्याच दुकानातून घेतलेली. उचल फिटेपर्यंत तो दुसऱ्या दुकानाची पायरी चढू शकत नव्हता. त्याला मोकळा बाजार कसं म्हणायचं? स्मिथनं मजुरीबद्दल लिहिलंय की मालक कामगारांविना वर्ष-दोन वर्षं तग धरेल, बरेच मजूर आठवडाभरही धरणार नाहीत. हे वाचलं तेव्हा ते चेहरे डोळ्यांपुढं आले. बाबांना विचार, ती बावीस पोती घरी परत आणणं परवडलं असतं का?

कमिशनचं म्हणशील तर कर्नाटकात अडत खरेदीदाराकडून घ्यायची, शेतकऱ्याकडून नाही. पट्टी जपून ठेव.

निपाणीकर

काकांच्या म्हणण्याला आमच्या तंबाखूची जोड देतो. खरेदीदार मोजके, दर ते ठरवतील तो. मार्च-एप्रिल 1981 मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. आमच्या घरात त्या दिवसांबद्दल अजून हळू आवाजातच बोलतात. पण पुढं तेच जोशी खुल्या बाजाराच्या बाजूनं ठाम उभे राहिले, कारण सरकारच शेतमालाचा भाव पाडतं असं त्यांचं म्हणणं होतं. व्यापाऱ्यांची एकजूट मोडा आणि सरकारचा पायही काढा, दोन्ही एकदम. माझ्या मते स्मिथचा आपल्याकडचा खरा वारसा हा आहे. प्रकल्पात हे घालच.

सीमेवरचा_ऊस

थोडं वेगळं मत मांडतो. सगळा राग व्यापाऱ्यावर काढू नका. धान्य साठवणाऱ्या व्यापाऱ्याची लोकांना वाटणारी भीती स्मिथनं चेटकाच्या भीतीच्या रांगेत बसवलीय. देशातल्या देशात माल अडवण्याच्या तो विरोधात होता. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रानं ऊस राज्याबाहेर न्यायला बंदी घातली, ओरड झाल्यावर मागं घेतली. आमचं निम्मं रान महाराष्ट्राच्या बाजूला, घर कर्नाटकच्या बाजूला. जो कारखाना दर जास्त देईल आणि बिल वेळेवर काढेल, तिकडं आम्ही ऊस घालतो, मग तो कोल्हापूर जिल्ह्यातला असो की चिकोडी तालुक्यातला. ती एक वाट आहे म्हणून दोन्हीकडचे कारखाने आमच्याशी नीट बोलतात. बांधावर हद्द आखून ती बंद केली तर तीही एकजूटच झाली, फक्त सरकारी.

कडोलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टीलेखक काका, तुमचं घटीचं वाचून आईला दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून दिली. त्यात 2009 पासूनच्या पट्ट्या आहेत, काही उंदरांनी कुरतडलेल्या. काल रात्री बाबांबरोबर बसून साठेक लावल्या. घट बहुतेक पट्ट्यांवर आहे, पण वेगळ्या रकान्यात नाही, वजनातच वजा करून टाकलीय. मूळ काट्याचं वजन कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय, ते बाबांचं अक्षर आहे. काका, त्या दोन आकड्यांतला फरक घट म्हणून धरला तर चालेल का? की बारदानाचं वजनही त्यातच असायचं?