राउटरला लावलेली हार्ड डिस्क विंडोज ११ वर उघडत नाही, एसएमबी१ (नेटवर्कवरून फाइली उघडायची जुनी पद्धत) चालू न करता काही उपाय?

नमस्कार मंडळी,

नागपूर, प्रतापनगर. घरच्या राउटरच्या यूएसबी पोर्टला एक टीबीची हार्ड डिस्क कायमची लावलेली आहे. बाबांनी स्कॅन केलेले फोटो, आईच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं, सगळं तिच्यात. बाबांच्या विंडोज ७ वाल्या लॅपटॉपवर ती आजही बिनबोभाट उघडते, माझ्या फोनवरही. बहिणीनं मागच्या आठवड्यात विंडोज ११ चा लॅपटॉप आणला आणि तिथं गाडी अडली.

आधी वाटलं, वायफायचा घोळ असेल. तो होताही. फायबरवाल्याच्या डब्याचं स्वतःचं वायफाय आहे, बहीण त्यावर होती. तिला पत्ता १९२.१६८.१ वाला मिळायचा, डिस्क मात्र आमच्या राउटरमागे १९२.१६८.० मध्ये, म्हणजे दोन वेगळी नेटवर्कं. तिला आमच्या वायफायवर आणलं, पिंग (डिस्कवाल्या राउटरपर्यंत पोचतं का, ही चाचणी) व्यवस्थित. पण शेअर उघडायला गेलो की विंडोज म्हणतं, हा शेअर सुरक्षित नाही, याला एसएमबी१ हा जुनाट प्रोटोकॉल लागतो. (कूलर सुरू झाला की राउटर एकदा मान टाकतो, पण ते दुखणं वेगळं.)

जो तो सांगून राहिला, विंडोज फीचर्समध्ये जा, एसएमबी१ वर टिक मारा. मला ते पटत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरला तो एसएमबी१ मधल्याच भोकातून, आणि त्याच वर्षाअखेरीपासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलमध्ये ते आपोआप देणं टप्प्याटप्प्यानं थांबवत आणलं. बहीण सीएकडे कामाला आहे, लोकांची रिटर्न्स त्या लॅपटॉपवर असतात. राउटरचं शेवटचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) २०१६ चं, ते टाकून झालंय. सेटिंगमध्ये एफटीपीचा (फाइली चढवायची-उतरवायची दुसरी पद्धत) पर्याय दिसतो. तो वापरू का?

प्रतिसाद
भाऊ, टिक मारली नाही हे बेस्ट केलं. एफटीपी चालू करा, पण 'इंटरनेटवरून प्रवेश' आठवणीनं बंद ठेवा. त्यात पासवर्ड उघडाच जातो, म्हणून बँकेबिंकेचा देऊ नका, वेगळा ठेवा. फाइल आधी उतरवून घ्यावी लागेल. एक्सेल तिथल्या तिथं सेव्ह होणार नाही. दुसरं म्हणजे विंडोज ७ ला एसएमबी २.१ (त्याच पद्धतीची पुढची आवृत्ती) येतं, डिस्क बाबांच्या लॅपटॉपला लावून तिथून शेअर करता येईल. पण त्याचे अपडेट जानेवारी २०२० लाच थांबले, मी तरी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

धागाकर्ता
एफटीपी चाललं! फोल्डरांची मराठी नावं आधी नुसती प्रश्नचिन्हं दिसत होती. फाइलझिला या एफटीपीच्या प्रोग्रॅमच्या साइट मॅनेजरमध्ये यूटीएफ-८ (मराठी अक्षरंही ओळखणारी संकेतपद्धत) सक्तीचं केल्यावर वाचता आली. बाबांच्या लॅपटॉपला हात लावत नाही, ते बुद्धिबळ खेळतात त्यावर. आता नवा राउटर बघतोय. यूएसबी आहे म्हणून दुकानदार गळ्यात मारतील, पण एसएमबी २ किंवा ३ चालतं का ते खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. कुणाकडे असा राउटर चालू असेल तर मॉडेल सांगा.